उजव्या कोपऱ्यातले पॉप-अप कोण पाठवतंय ते आधी बघा
(सोसायटीचा मराठी ग्रुप, कारेलीबाग, बडोदा)

बी-२०३, काकू: नमस्कार मंडळी. घरच्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात सारखं येतंय, "५ व्हायरस सापडले", "अँटिव्हायरसची मुदत संपली". ब्राउझर बंद केला तरी येतं. विंडोज ११ आहे. फॉरमॅट मारावा लागेल का?

सी-४०१: फॉरमॅट नको, काकू. त्या चौकटीवर क्लिकही करू नका. नुसतं बघा, वरच्या बाजूला 'गूगल क्रोम' लिहिलंय का आणि मजकुराजवळ बारीक अक्षरांत कुठल्या साइटचा पत्ता आहे.

बी-२०३, काकू: क्रोम लिहिलंय. पत्ता काहीतरी विचित्रच आहे, शेवटी डॉट एक्सवायझेड.

सी-४०१: मग हा व्हायरस नाही. त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली आहे. "रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा" किंवा "व्हिडिओ सुरू करायला अलाऊ दाबा" अशी पाटी लावून ती मिळवतात. खऱ्या कॅप्चाला नोटिफिकेशनची परवानगी लागतच नाही. फुकट क्रिकेट मॅच, गरब्याचे पास, कुंडलीची पीडीएफ असलं शोधताना या साइट्स हमखास मध्ये येतात.

काढायचं असं. क्रोममध्ये उजवीकडची तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली 'अलाऊड टू सेंड नोटिफिकेशन्स' अशी यादी दिसेल. प्रत्येक अनोळखी नावापुढची तीन टिंबं दाबून 'ब्लॉक' करा. 'रिमूव्ह' केलंत तर ती साइट पुन्हा विचारू शकते, ब्लॉक केल्यावर विचारत नाही. मग त्याच पानावर वर 'डोन्ट अलाऊ साइट्स टू सेंड नोटिफिकेशन्स' निवडा.

पुष्कळ जण फक्त हे वरचं बटण बदलतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही. पडणार कसा? ते नियम नव्या साइट्सना लागू होतात. आधीच अलाऊ झालेली नावं खालच्या यादीत तशीच चालू राहतात. यादी साफ करणं हेच खरं काम.

ए-१०२, दादा: त्यापेक्षा घड्याळाशेजारची घंटी दाबून 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा. एका सेकंदाचं काम.

सी-४०१: दादा, मीटिंग चालू असताना ते उत्तमच. पण त्याने चौकट दिसायची थांबते, येणं थांबत नाही. सगळं नोटिफिकेशन सेंटरमध्ये साचत राहतं, आणि घरातलं कोणी ते उघडून "व्हायरस काढा" वर क्लिक करेल याचीच भीती आहे.

डी-३०१, ताई: आणखी दोन गोष्टी. क्रोममध्ये मुलांचं वेगळं प्रोफाइल असेल तर हे सगळं त्या प्रोफाइलमध्येही करायचं, परवानग्या प्रत्येक प्रोफाइलच्या स्वतंत्र असतात. एज वापरत असाल तर तिथेही. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली परमिशन्समध्ये नोटिफिकेशन्सपुढचं 'सेटिंग्ज' बटण. तिथे 'ब्लॉक न्यू रिक्वेस्ट्स' वर टिक केली की नवीन साइट विचारतच नाही.

ब्राउझर बंद असताना का येतं, तर क्रोम मागे चालूच राहतो. सेटिंग्ज, सिस्टिम, तिथलं 'कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड अ‍ॅप्स' बंद करा. एजमध्ये 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स' खाली असंच आहे, सोबत 'स्टार्टअप बूस्ट' पण बंद करा.

बी-२०३, काकू: केलं. यादीत अकरा नावं होती! आता शांत आहे. पण कॉम्प्युटर सुरू केला की कधीकधी पूर्ण पडदाभर निळं पान येतं, "सेटअप पूर्ण करा" म्हणून. ते पण फसवंच का?

डी-३०१, ताई: नाही, ते विंडोजचंच. सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स, अगदी तळाशी 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज'. आत तीन टिका आहेत: अपडेटनंतरचं स्वागत, सेटअप पूर्ण करण्याच्या सूचना आणि टिप्स. तिन्ही काढा, पडदाभर येणारं पान मधल्या टिकेमुळे येतं. फाइल एक्सप्लोररमध्ये क्लाउडच्या जाहिराती दिसत असतील तर तीन टिंबं, ऑप्शन्स, व्ह्यू, 'शो सिंक प्रोव्हायडर नोटिफिकेशन्स' ची टिक काढा.

नोटिफिकेशन्सच्या त्या पानावर अ‍ॅप्सची यादीही दिसेल. त्यातलं 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स' आणि 'विंडोज सिक्युरिटी' मात्र बंद करू नका. खरा धोका झाला तर तीच माहिती देतात. सगळं सरसकट बंद करणं मला तरी अजिबात पटत नाही.

बी-५०४, काका: लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस पण रोज पैसे मागतो.

सी-४०१: मुदत संपली असेल आणि पैसे भरायचे नसतील तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समधून काढून टाका, काका. रीस्टार्ट केलं की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप सुरू होतो. तरी विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' समोर हिरवी टिक आली का, एवढं बघून घ्या. प्रिंटरचे "शाई मागवा" वाले पॉप-अप बहुधा त्याच्या स्टार्टअप प्रोग्रॅमचे असतात. कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथे स्टार्टअप अ‍ॅप्स, त्यावर राइट क्लिक, डिसेबल. छपाई चालू राहते. ऑडिओ आणि टचपॅडच्या नावांना हात लावू नका.

ए-१०२, दादा: आणि पूर्ण स्क्रीन लाल होऊन सायरन वाजतो, फोन नंबर येतो, ते?

सी-४०१: ते सगळ्यात घातक, घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की फसवणूक. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन सुटेल. मग ऑल्ट+एफ४. तेही नाही चाललं तर कंट्रोल+शिफ्ट+एस्केप, ब्राउझर निवडा, एंड टास्क. पुन्हा उघडल्यावर "पाने रिस्टोअर करू का" विचारेल, करू नका, नाहीतर तेच पान परत येईल.

कोणी आधीच त्या नंबरवर फोन करून एनीडेस्कसारखं (आपला कॉम्प्युटर दुसऱ्याला दुरून चालवू देणारं) काही टाकू दिलं असेल तर पहिल्यांदा इंटरनेट तोडा. बँकेला कळवा, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

डी-३०१, ताई: ब्लॉक करूनही नवे टॅब आपोआप उघडत असतील, तर एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तपासा. कूपन, पीडीएफ कन्व्हर्टर, "सर्च" नावाची जी ओळखीची नाहीत ती काढा. मग इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स तारखेप्रमाणे लावा, त्रास सुरू झाला त्या दिवसातलं काय आहे ते दिसेल. शेवटी विंडोज सिक्युरिटी, स्कॅन ऑप्शन्स, ऑफलाइन स्कॅन. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात, उघडी कामं आधी सेव्ह करा.

बी-५०४, काका: पॉप-अप बंद ठेवले तर बँकेची पावती उघडत नाही, त्याचं काय?

डी-३०१, ताई: पॉप-अप आणि नोटिफिकेशन वेगळे, काका. पावती नव्या खिडकीत उघडायची असते, ती अडते. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे छोटं चिन्ह येईल, त्यावर क्लिक करून फक्त त्या साइटला 'ऑलवेज अलाऊ' द्या आणि पावती पुन्हा मागवा.

ए-३०१: आमच्याकडे विंडोज १० आहे, "सपोर्ट संपला" असं येतं. तो पण पॉप-अप बंद करू?

सी-४०१: तो खरा आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला मोफत सपोर्ट संपला. पण सूचना ब्राउझरमध्ये दिसली तर तिथे काही दाबू नका. स्वतः सेटिंग्ज, विंडोज अपडेट उघडा. मशीन विंडोज ११ ला चालणारी असेल तर तिथेच अपग्रेड दिसेल. नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी 'एनरोल नाऊ' दिसतंय का बघा आणि इथे लिहा, संध्याकाळी येऊन बघतो.