कमळ बस्तीचं छत फोनवर दाखवायचंय: गेम इंजिन घ्यावं की जीएलटीएफ?

किल्ल्याजवळचा
बेळगावच्या किल्ल्यातली कमळ बस्ती. १२०४ सालची, रट्टांच्या काळातली. मंडपात मान वर केली की छताचं दगडी कमळ दिसतं. पाकळ्या ७२: भूत, वर्तमान, भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. वर अंधार असतो, मान अवघडते आणि माझ्या आज्जीचे गुडघे तिथवर नेऊ देत नाहीत. म्हणून आम्ही तिघांनी दोनशेवर फोटो काढून फोटोग्रामेट्रीनं, म्हणजे ते फोटो एकमेकांशी जुळवून, छताचं थ्रीडी मॉडेल केलंय.

भांडण इथून पुढं आहे. दोघांना ते गेम इंजिनात, म्हणजे थ्रीडी गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात, घालून ॲप काढायचंय. मी म्हणतो, जीएलटीएफ, म्हणजे थ्रीडी मॉडेल साठवायच्या खुल्या फॉरमॅटची फाइल करा, थ्री-जेएस या लायब्ररीनं ब्राउझरात दाखवा. लिंक दाबली की उघडलं.

माझ्या हट्टामागं एक सीडी आहे. २००३ साली काकानं कॉलेजच्या प्रोजेक्टला आमच्या वाड्याचं मॉडेल व्हीआरएमएल या वेबवरच्या थ्रीडीच्या जुन्या फॉरमॅटमध्ये केलं होतं. गेल्या दिवाळीत माळा झाडताना सापडलं. बघायचा प्लगइन केव्हाच मेलाय. पण फाइल नोटपॅडात उघडली तर पहिल्या ओळीत आवृत्ती आणि खाली सगळं वाचता येतंय: खांबांची उंची, तुळशी वृंदावनाचा रंग. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरात टाकली, वाडा उभा! खऱ्या वाड्याच्या जागी आता कॉम्प्लेक्स आहे. त्याच सीडीवर ईएक्सईत, म्हणजे तयार प्रोग्रॅममध्ये, बांधलेली दुसरी टूर होती. ती काही केल्या उघडत नाही.

टिळकवाडी_कोडर
मर्दा, तुझ्या गोष्टीतच उत्तर आहे. व्हीआरएमएल १९९७ ला आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं स्टँडर्ड झालं, तरी काकाचा वाडा वीस वर्षं माळ्यावरच. त्याच्या जागी एक्सथ्रीडी आलं, २००४ ला त्यालाही शिक्का मिळाला. एका तरी ब्राउझरनं आपणहून घेतलं काय? इंजिनात चालणं, भिंतीला अडकणं, हेडसेट जोडणं तयार मिळतंय. ते सोडून सगळं हातानं लिहीत बसायचं, कशाला? आणि पुण्या-बेंगळुरात नोकरीला गेलं की इंजिनच विचारतात, वाडा नाही.

उद्यमबाग_फौंड्री
आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. गिऱ्हाइकाच्या नव्या कॅडची (भागांची ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरची) फाइल आमच्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मग फोन लावायचा, "साहेब, स्टेप पाठवा की." स्टेप हा कॅड फाइलींच्या देवाणघेवाणीचा खुला फॉरमॅट १९९४ पासून आयएसओत आहे, कुठल्याही कॅडमध्ये आकार तसाच येतो. पण आकारच येतो हं. तो कसा बांधत नेला ते येत नाही. एका कास्टिंगचा ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून सुटायला दिलेला उतार, दीड डिग्रीवरून दोन करायचा होता, अर्धा पॅटर्न परत काढावा लागला. तेव्हा खुलं म्हणजे सगळं मिळालं असं समजू नका. मूळ फोटो आणि मूळ प्रोजेक्ट दोन्ही जपून ठेवा.

किल्ल्याजवळचा
@टिळकवाडी, जीएलटीएफला एक्सथ्रीडीच्या रांगेत बसवू नको. २.० आवृत्ती २०१७ ला आली तीच लोकांच्या वापरात, आयएसओचा शिक्का नंतर, २०२२ ला. ब्लेंडर काढतं, इंजिनंही वाचतात. उलट युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीनं सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागं पैसे लावायचं जाहीर केलं तेव्हा काय गोंधळ उडाला, आठवतंय ना?

टिळकवाडी_कोडर
वर्षभरात मागं घेतलं की ते. आणि इंजिन म्हणजे युनिटीच काय? गोडो आहे, एमआयटी लायसन्सचं, म्हणजे फुकट आणि खुलं. कोण पैसे मागणार?

निपाणीची_लेक
पाट्यांचं कुणीच बोलेना. मराठी आणि कन्नड दोन्ही लागणार ना? मागं एका प्रदर्शनासाठी मी नावाजलेल्या इंजिनात काम केलं. "किल्ला"ची वेलांटी क च्या उजवीकडं जाऊन बसली, ल्ल फुटून पाय मोडलेला ल आणि पुढं ला. कन्नडची ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं) खाली जायच्या ऐवजी शेजारी उभी. उद्घाटनाच्या आदल्या रात्री सगळ्या पाट्यांची चित्रं करून चिकटवली, आणि एक चूक सापडली की परत चित्र! ब्राउझरात साधी एचटीएमएल पाटी ठेवली की जोडाक्षरं आपसूक जुळतात. मात्र थ्री-जेएसमध्ये उठावाची थ्रीडी अक्षरं करायला गेलात तर तिथंही असंच फुटतं. आणि @टिळकवाडीच्या बाजूनं सांगायचं तर गोडो ४ मध्ये हे नीट येतं, मी करून बघितलंय.

जांबोटीकर
लिंक दाबली की उघडलं म्हणे! आमच्या घरात रेंज नाही, ओसरीच्या कोपऱ्यात एक कांडी येते. ॲप बेळगावात वायफायवर उतरवलं तर घरी चालतं तरी.

किल्ल्याजवळचा
हे मात्र खरं. फाइल १४० एमबीची होती. मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांनी बनतो ते त्रिकोण कमी केले, ड्रॅको हे आकार दाबून लहान करायचं तंत्र लावलं, टेक्श्चर (वर चिकटवलेली चित्रं) वेगळी दाबली, १९ वर आली. पण पाकळ्यांवरच्या मूर्तींचे चेहरे साबणासारखे झाले, तेच तर बघायचे होते. चेहऱ्यांपुरते त्रिकोण परत वाढवू लागलोय. पान एकदा उघडलं की फोनमध्ये साठून राहील अशी सोयही करतो, पण पहिल्यांदा रेंज लागणारच.

टिळकवाडी_कोडर
बरं, तुझी ती जीएलटीएफ दे. मी गोडोत टाकून ॲप काढतो, तू लिंक कर. रविवारी आज्जीच्या फोनवर दोन्ही लावून बघू.

किल्ल्याजवळचा
आज्जीचा फोन बटणांचा आहे रे.