सवलत खरेदीच्या वेळीच मिळायला हवी

कमी विजेच्या पंख्यांवरची सवलत आधी खरेदी, मग खात्यात जमा अशी असावी, ही सूचना मला पटत नाही. ज्याच्याकडे सुरुवातीचे तीन हजार नाहीत, तो त्या सवलतीपर्यंत पोचणारच नाही. तो जुन्याच पंख्याचं वाइंडिंग करून घेतो आणि पुढची पाच वर्षं ७०-७५ वॅट जाळत राहतो. कमी विजेचा, म्हणजे बीएलडीसी मोटरचा पंखा पूर्ण वेगातही ३० वॅटच्या आसपास घेतो. रोज बारा तास चालला, तर महिन्याला साधारण १५ युनिट वाचतात.

२०१५च्या 'उजाला' योजनेत एलईडी बल्ब घाऊक खरेदीमुळे स्वस्त झालेच, शिवाय बिलातून हप्त्याने फेडायची सोय होती. पंख्यांसाठीही तेच करावं.

पण भाडेकरूंचं काय? चाळीत, वस्तीत सबमीटर असतो, बिल घरमालकाच्या नावावर, आणि युनिटचा दर तो सांगेल तो. बिलाशी जोडलेली योजना नेमकी याच घरांना वगळते. तिथे रेशनकार्ड दाखवून दुकानातच किंमत कमी व्हावी, असं माझं ठाम मत आहे.