लेकीच्या बाळंतपणाला जपानला जातेय, कामापुरती जपानी कशी शिकू?

साताऱ्याची_आई:
नमस्कार मंडळी. लेक-जावई नागोयाला असतात, डिसेंबरात बाळंतपण आहे आणि मी नोव्हेंबरअखेर तीन महिन्यांसाठी जातेय. वय ५८, इंग्रजी जेमतेम. जावई दिवसभर ऑफिसात, लेक अवघडलेली, म्हणजे दूध-भाजी आणायला मीच जाणार हे उघड आहे. लेक म्हणते आई फोनमध्ये मराठीत बोल, तो जपानीत सांगतो, पण दरवेळी दुकानदाराच्या तोंडापुढे फोन धरायचा मला काही बरं वाटत नाही. एक ॲप घेतलं तर त्यात सगळं इंग्रजीतून, म्हणजे आधी इंग्रजी समजून घ्या मग जपानी, डोक्याचा नुसता भुगा. परीक्षा वगैरे द्यायची नाहीये. देवनागरीत लिहून पाठ केलं तर चालेल का, की ती लिपी शिकावीच लागेल?

मधला_बाक:
ताई, पहिलं काम म्हणजे ते इंग्रजी बाजूला ठेवा. मी पुण्यात क्लास केला तेव्हा पहिले दोन महिने इंग्रजीतून विचार करण्यात वाया घालवले, नंतर लक्षात आलं की वाक्य तर आपल्यासारखंच आहे, क्रियापद शेवटी. 'वाताशि वा ओचा ओ नोमिमासु', मी चहा पिते. शब्दाला शब्द लावा, जागा बदलायचीच नाही. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावायचा, खरंच 'का'! 'कोरे वा इकुरा देसु का', हे कितीला आहे. आपला 'ना' तिकडे 'ने' होतो, 'सामुई देसु ने' म्हणजे थंडी आहे ना, डिसेंबरात हे एक वाक्य शेजारणीशी आठवडाभर पुरेल. चा-ची-चे सगळ्याला एकच 'नो', 'मुसुमे नो इए' मुलीचं घर, लिंगाची भानगड नाही.
आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, आपण 'खाऊन बघा' म्हणतो ना, म्हणजे बघायचं काही नसतं तरी बघा म्हणतो, ते पण अगदी तसंच म्हणतात, 'ताबेते मिते कुदासाई', ताबेते म्हणजे खाऊन आणि मिते हे बघण्याचं रूप. इंग्रजीतून हे समजावताना सरांची दमछाक व्हायची. घरातून निघताना म्हणायचं 'इत्ते किमासु', शब्दशः 'जाऊन येते', घरातल्यांनी उत्तर द्यायचं 'इत्तेराश्शाई', म्हणजे जाऊन या.

हौशी_परीक्षार्थी:
जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, सगळ्यात सोपी पातळी एन-फाइव्ह देऊन टाका की, १८० पैकी ८० ला पास, अभ्यासाला एक शिस्त लागते.

मधला_बाक:
अहो त्यात बोलायची परीक्षाच नाही, सगळे पर्यायी प्रश्न. ताईंना दूध आणायचंय.

उसळपाव:
लिपीबद्दल माझं मत वेगळंय. देवनागरीत लिहाच, इंग्रजी अक्षरांपेक्षा कितीतरी बरी, पण हिरागाना या साध्या लिपीची ४६ अक्षरं पण शिका, रोज पाच घेतली तरी दहा दिवसांत होतात. क्रम बघा: आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. ओळखीचा वाटतो की नाही? वाटणारच, बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेलेला क्रम आहे तो. काताकाना ही दुसरी लिपी पण तेवढीच, बाहेरून आलेल्या शब्दांसाठी, 'चीझु', 'तोमातो' वगैरे. कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, नादी सध्या लागू नका, नेहमीच्या वापराची म्हणून सरकारी यादीत आहेत तीच २१३६ आहेत.
देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ मात्र जिवापाड सांभाळा. 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'ब्योऊइन' दवाखाना आणि 'बियोऊइन' ब्यूटी पार्लर, बाळंतपणाच्या घाईत टॅक्सीवाल्याला चुकीचं सांगू नका म्हणजे झालं 😄 'देसु' लिहायचं पण म्हणायचं जवळजवळ 'देस'. 'त्सु'ला घाबरू नका, आपल्या चमच्यातला च आहे ना त्याच्याच शेजारचा आवाज. ऐकायला एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे सोपे धडे हिंदीतून फुकट आहेत, जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक पण फुकट आहे, ऑडिओसकट, आणि ते तिथे राहणाऱ्यांसाठीच केलेलं आहे.

योकोहामाची_सून:
काकू मी चार वर्षं इकडे आहे, मी सांगते खरं काय लागतं ते. तुम्ही बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त असतं, कारण काउंटरवरची मुलगी भरभर विचारते आणि आपण गोंधळतो. दोनच प्रश्न कानात बसवा: 'फुकुरो' ऐकू आलं की पिशवी हवी का विचारतायत (प्लास्टिकच्या पिशवीला २०२० पासून पैसे पडतात, आपली नेलेली बरी), 'आतातामेमासु का' म्हणजे गरम करून देऊ का. हवं तर 'हाइ, ओनेगाइशिमासु'. नको तर 'दाइजोबु देसु'. हे दाइजोबु म्हणजे ठीक आहे, बरं आहे, पण दुकानात त्याचा अर्थ 'नको, राहू दे' होतो, मी सुरुवातीला हो म्हणायला ते वापरायचे आणि चार वेळा थंडगार भात खाल्ला. हाक मारायला, माफी मागायला, आणि कुणी दार धरलं तर थँक्यू म्हणायलासुद्धा 'सुमिमासेन' चालतं, एवढा कामाचा शब्द दुसरा नाही.
शाकाहारी असाल तर नुसतं 'निकु' (मांस) नको सांगून भागत नाही, 'निकु तो साकाना वा ताबेमासेन' म्हणा, मांस आणि मासे खात नाही. तरी मिसो सूपमध्ये (सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टचं सूप) दाशी, म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी असते आणि ती बहुतेकदा सुक्या माशाची असते, तेव्हा सूपला दाइजोबु देसु 🙂
बाळाला घेऊन बाहेर पडलात की बायका 'कावाइई' (किती गोड!) करत थांबतीलच. 'मागो देसु' म्हणा, नातवंड आहे. 'नान कागेत्सु देसु का' म्हणजे किती महिन्यांचं, 'इक्कागेत्सु देसु' एक महिन्याचं, 'निकागेत्सु' दोन. डायपर म्हणजे 'ओमुत्सु'. पावडरच्या दुधाला 'मिरुकु' म्हणतात आणि आपलं चहाचं दूध 'ग्यूनयू', दही आणि दुधाचे खोके सारखेच दिसतात, पहिल्यांदा लेकीकडून फोटो घेऊन जा.

साताऱ्याची_आई:
बाई गं, किती लिहिलंत सगळ्यांनी, वहीत उतरवून घेतलं. दूध म्हणून दही आणणार हे मात्र नक्की. अजून एक, आकडे कुठपर्यंत शिकू?

योकोहामाची_सून:
दहा हजारापर्यंत. बिल मशीनवर दिसतं त्यामुळे अडत नाही. फक्त तिकडे हजारानंतर दहा हजाराचा वेगळा शब्द आहे, 'मान', आपला लाख म्हणजे 'जू मान'. दवाखान्याच्या बिलाला लागेल, ते जावयाला बघू द्या.

साताऱ्याची_आई:
आज भाजीला निघताना ह्यांना 'इत्ते किमासु' म्हटलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कोण किमासु?" दुसरं वाक्य त्यांना शिकवायला घेतलंय, 'इत्तेराश्शाई'चं सध्या 'इतर शाई' झालंय.