किडनीतल्या छोट्या गाठीत चरबी आहे का? एचयू (सीटीत ऊतकाची घनता सांगणारा आकडा; पाणी ०, चरबी उणे) नेमका कुठे मोजायचा?

प्रश्न
कॉन्ट्रास्टशिवायच्या (शिरेतून रंगद्रव्य न देता केलेल्या) सीटीत उजव्या किडनीत १.४ सेंमीची गाठ आहे. मधला भाग काळसर दिसतो, पण ५ मिमीच्या स्लाइसवर आरओआय (मोजणीसाठी आखलेलं वर्तुळ) ठेवला की एचयू कधी −४, कधी +१२ येतो. सोनोग्राफीत गाठ पांढरी होती. एवढ्यावर अँजिओमायोलिपोमा (बहुधा चरबी असणारी, कॅन्सर नसलेली किडनीची गाठ) म्हणावं का?

प्रतिसाद १
नाही, अजून नाही. ५ मिमीवर मोजूच नका. चरबी साधारण −१००, किडनी +३० धरा. जाड स्लाइसमध्ये पाव भाग चरबी आणि पाऊण भाग किडनी आली की सरासरी शून्याजवळच येणार. १ ते १.५ मिमीचं रिकन्स्ट्रक्शन (त्याच स्कॅनच्या डेटातून पातळ स्लाइस पुन्हा बनवणं) मागवा, मात्र लगेच. कन्सोलवरचा रॉ डेटा फार दिवस राहत नाही. पेशंटला पुन्हा झोपवायची गरज नाही.

आरओआय सर्वात काळ्या जागी, छोटा, कडेला न टेकणारा. गाठ किडनीच्या पृष्ठभागाजवळ असेल तर कोरोनल (समोरून दिसणारा उभा छेद) बघाच, नाहीतर बाहेरचीच चरबी मोजली जाते. पातळ स्लाइसमध्ये नॉइज (चित्रातला खरखरीतपणा) वाढतो, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. लागोपाठच्या दोन-तीन स्लाइसमध्ये −१०च्या खाली यायला हवा.

प्रतिसाद २
सोनोग्राफीचा पांढरेपणा पुरावा नव्हे, छोटा कॅन्सरही तसाच दिसू शकतो. आणखी एक: गाठीत चरबीबरोबर कॅल्शियम दिसलं तर थांबा, तिथे रीनल सेल कार्सिनोमाचा (किडनीच्या कॅन्सरचा) विचार आधी.
चरबी सापडलीच नाही तरी अँजिओमायोलिपोमा बाद होत नाही, काहींमध्ये ती फारच कमी असते. मग एमआरआय, गरज पडली तर बायोप्सी. एमआरआयमध्ये फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबणारं चित्र) बघा. नुसत्या अपोज्ड फेजमधल्या (चरबी आणि पाणी एकत्र असलेली जागा काळी दाखवणाऱ्या चित्रातल्या) सिग्नल-घटीवर विसंबू नका, क्लिअर सेल कार्सिनोमातही (किडनीच्या कॅन्सरचा एक प्रकार) ती दिसते.

प्रश्नकर्ता
१ मिमीवर सलग तीन स्लाइसमध्ये −४० ते −४५. कॅल्शियम नाही. आता कॉन्ट्रास्ट द्यावा का?

प्रतिसाद १
चरबी सिद्ध करायला नको. उलट कॉन्ट्रास्टनंतर गाठीतल्या रक्तवाहिन्या उजळून आकडा वर सरकतो. ४ सेंमीच्या वरच्या गाठीत मात्र रक्तस्रावाची भीती असते. तिथे कॉन्ट्रास्ट देऊन आर्टेरियल फेजमध्ये (तो धमन्यांत असतानाच्या स्कॅनमध्ये) अ‍ॅन्युरिझम (धमनीला आलेला फुगा) शोधायचा, ५ मिमी किंवा मोठा असेल तर जोखीम जास्त.
दुसरी किडनी नीट बघा. दोन्हीकडे अनेक गाठी असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिसचा (अनेक अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार) उल्लेख हवा. आणि रिपोर्टात नुसतं "चरबीयुक्त गाठ" लिहू नका. एचयू, स्लाइसची जाडी आणि कॅल्शियम नसल्याचं लिहा, म्हणजे पुढच्या स्कॅनशी तुलना करता येईल.