जॉय लक क्लब: कोण कुणाची आई?

मलप्रभाकाठ (खानापूर)
आमच्या बायकांच्या वाचनकट्ट्यावर ॲमी टॅनची ‘द जॉय लक क्लब’ (१९८९) घेतलीय, चीनमधून अमेरिकेत आलेल्या चार आया नि त्यांच्या चार मुलींची कादंबरी. इंग्रजी निम्म्या जणींनाच येतं, म्हणून एकीनं वाचायचं नि बाकीच्यांना मराठीत सांगायचं ठरलंय. पण तिसऱ्या-चौथ्या कथेलाच कोण कुणाची लेक ते ध्यानात राहीना. बैठका पाच आहेत. कसं वाटून घ्यावं?

निपाणीकर
ताई, कथा १६. भाग चार, भागात चार. पहिल्या नि चौथ्या भागात आया बोलतात, मधल्या दोन्हींत मुली. चौघींतली एक आई, सूयुआन, वारलेली, म्हणून तिच्या जागीही तिची लेक जिंग-मेईच बोलते. पुस्तकातल्या क्रमानं कथांवर आकडे टाका नि जोड्यांनी घ्या. पहिल्या बैठकीला फक्त १. मग आन-मेई आणि रोझ: २, ७, ११, १३. लिंडो आणि वेव्हर्ली: ३, ५, १०, १५. यिंग-यिंग आणि लीना: ४, ६, ९, १४. शेवटी जिंग-मेईच्या उरलेल्या: ८, १२, १६. सोळावी आधी कुणी फोडू नये. सूयुआनच्या चीनमध्ये मागं राहिलेल्या जुळ्या मुलींचा विषय पहिल्या कथेत निघतो, तो तिथं पुरा होतो.

शहापूरची वाचक
जोड्या बरोबर, पण १, ५, ९, १३ च्या आधी एकेक छोटी गोष्ट आहे, ती गळेल. पहिली तर सांगाच. शांघायहून हंस घेऊन निघालेली बाई. अमेरिकेत अधिकारी हंस काढून घेतात, हाती एक पीस उरतं. ते लेकीला द्यायचं, पण अस्सल अमेरिकन इंग्रजीत सांगता येईल त्या दिवशी. ती वाटच बघत राहते.

आणि भाषा सांभाळा. या आया मुलींशी तुटक इंग्रजी बोलतात, स्वतःची कथा सांगताना मात्र त्यांची भाषा भरलेली असते. तुटकपणा दाखवायला त्यांच्या तोंडी गावंढळ मराठी घातली की सगळं बिघडतं. घरात ओव्या म्हणणारी आजी कानडी अर्जापुढं अडखळते, म्हणून ती अडाणी नव्हे. निवेदन चांगल्या मराठीत करा, लेकीशी बोलणं तेवढं तोडून सांगा. ‘नेंगकान’सारखा चिनी शब्द तसाच ठेवा, मनात आणलं ते करून दाखवायची धमक, एवढं एकदा सांगितलं की पुरे.

मलप्रभाकाठ
आभारी आहे. दहाव्या कथेतला जेवणाचा प्रसंग कसा सांगावा?

निपाणीकर
तो सगळ्यांत सोपा. लिंडो स्वतःच म्हणते, याला मीठच नाही. आपल्याकडं ‘आज आमटी जरा बिघडलीच बघा’ म्हणतात, तसंच. पाहुण्यानं चाखून नावाजायचं असतं. वेव्हर्लीचा होणारा गोरा नवरा रिच ते खरं मानून वरून सोया सॉस ओततो. तिथं अर्थ सांगत बसू नका, नुसतं थांबा.