३:५० ला मूल ‘चार पन्नास’ म्हणतं, काय चुकतंय?

सईची_आई:
मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. पूर्ण तास आणि साडे बरोबर सांगते. पण ३:५० ला ‘चार पन्नास’ म्हणते. त्यात आजी ‘पावणेचार’ म्हणते आणि मोबाइलवर ३:४५ दिसतं, त्यामुळे आणखी गोंधळ. पुठ्ठ्याचं घड्याळ घरी आहे.

घड्याळजी:
तिची चूक तर्काला धरून आहे. ३:५० ला तासकाटा ४ च्या फक्त ५ अंश मागे असतो, म्हणून तिला तो ४ वरच दिसतो. पुठ्ठ्याचं घड्याळ ही चूक आणखी पक्की करतं, कारण त्यातले काटे सुटे फिरतात. साडेतीन लावताना मूल लहान काटा नेमका ३ वर ठेवतं आणि ते चुकलंय हे घड्याळ दाखवत नाही.

जुनं भिंतीवरचं घड्याळ घ्या. सेल काढा, काच उघडा, सेकंदकाटा आणि मिनिटकाटा सरळ वर ओढून काढा (काहींत मिनिटकाट्यावर बारीक नट असतो, तो आधी सोडवा). आता मागचं चाक फिरवलं की एकटा तासकाटा सरकेल. ३ ते ४ मधली जागा एका रंगाने रंगवा, ते ‘तीनचं घर’. अशी बारा घरं. काटा ४ ला टेकेपर्यंत तीनच्याच घरात. ‘तीन वाजून गेलेत, चार व्हायचेत’ एवढंच आठवडाभर बोला, मिनिटं अजिबात नकोत. हे पक्कं झालं की मिनिटकाटा परत बसवा, पण चाक फिरवून तासकाटा नेमका एखाद्या आकड्यावर आणून. तेव्हा मिनिटकाटा १२ वरच हवा, नाहीतर दोन्ही काटे कायम विसंगत राहतील.

पाढेवाली:
मिनिटांसाठी आकड्यांबाहेर ५, १०, १५ अशा चिठ्ठ्या चिकटवा. पाचचा पाढा तोंडपाठ झाला की एकेक काढायची, आधी १५, ३०, ४५ च्या.

मायबोलीकर_७:
सव्वा-पावणे सगळ्यात शेवटी घ्या. आधी भाकरीवर दाखवा: अर्धी, चतकोर, चतकोर कमी म्हणजे पाऊण. सव्वातीन आणि साडेतीन मागच्या आकड्याचं नाव घेतात, पावणेचार मात्र पुढच्या आकड्याचं: चाराला पाव कमी. म्हणजे काटा तीनच्याच घरात, पण नाव चारचं. हे तिला स्पष्ट सांगा, स्वतःहून उमजेल असं धरू नका. दीड, अडीच, आणि १२:४५ चा नुसता ‘पाऊण’ हे अपवाद पाठच करावे लागतात, नाहीतर मुलं ‘साडेएक’, ‘साडेदोन’ म्हणतात.

सईची_आई:
मग आजींना तोवर ‘पावणे’ म्हणू नका सांगू?

मायबोलीकर_७:
नको, म्हणू द्या. फक्त प्रत्येक वेळी घड्याळाकडे बोट दाखवून म्हणायला सांगा. मोबाइलवरची वेळ मात्र काही आठवडे बाजूला ठेवा.