‘मेटाकॉग्निशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ‘अधिबोध’ आणि ‘परासंज्ञान’ असे दोन्ही शब्द वाचनात आले. शिकणाऱ्या मुलांसमोर यातला एकही उच्चारवत नाही. दुसरा काही सुचतो का?

उत्तर: ‘मेटाकॉग्निशन’ हा शब्द अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात रूढ केला. ‘आपल्या जाणण्याविषयीचं जाणणं’ हा अर्थ बरोबर आहे, पण अपुरा. त्यांच्या मांडणीत जाणण्यासोबत देखरेखही येते: मला हे खरंच कळलंय का, नसेल तर आता काय करू? ‘अधिबोध’मध्ये ही देखरेख ऐकूच येत नाही.

न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कविचाराच्या परंपरेत, ‘अनुव्यवसाय’ असा जुना शब्द आहे. ‘हा घट आहे’ हे जाणणं म्हणजे व्यवसाय. ‘मला घटाचं ज्ञान झालं आहे’ हा अनुव्यवसाय. फार नेमका शब्द! पण आज ‘व्यवसाय’ म्हटलं की धंदाच डोळ्यांसमोर येतो.

मी ‘आत्मभान’च्या धर्तीवर ‘आकलनभान’ म्हणेन. ‘भान’सोबत येणारी क्रियापदं बघा: भान येतं, राहतं, ठेवावं लागतं आणि सुटतं. शिकताना नेमकं हेच होतं. एखादं पान तिसऱ्यांदा वाचताना ओळ न् ओळ ओळखीची वाटते, वाटतं झालं पाठ. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं की दुसऱ्या वाक्यापाशीच पेन अडतं. ओळखण्याला आपण आठवणं समजून बसलेलो असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या स्मरणाची जास्त खात्री होती. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला. वाचनाच्या एका फेरीनंतर तीनदा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

शंका: मग ‘कळतं पण वळत नाही’ म्हणजे हेच ना?

उत्तर: नाही. तिथे कळलेलं असतं, ते वागण्यात उतरत नाही. इथे कळलेलंच नाही, आणि तेही कळत नाही. जवळचं बोलणं शोधायचं तर ‘कळल्यासारखं वाटतं’. ‘सोडवलेलं गणित बघताना कळल्यासारखं वाटतं, स्वतः करायला घेतलं की अडतं,’ असं एखादी मुलगी म्हणते, तेव्हा तिला आकलनभान आलेलं असतं. वर्गात तर नुसतं ‘भान’ही चालेल: ‘हा धडा वाचताना तुझं भान कुठे सुटलं, तिथे खूण कर.’